सर्दी थंडीत होते म्हणतात, मग आमच्याकडे ती जूनमध्येच का येते?

रानजाई

लेक दुसरीत गेलीय. सगळा मे महिना माझ्या माहेरी मालवणला होती. विहिरीवर गार पाण्याने अंघोळ, दुपारी बर्फाचा गोळा, रात्री ओल्या केसांनी पंख्याखाली झोपणं, सगळं यथासांग झालं. एक शिंक नाही. सांगलीला परत आलो, जूनच्या मध्यावर शाळा उघडली, आणि महिनाअखेरीला जे नाक गळायला लागलं ते अजून चालू आहे. मध्ये चार दिवस बरं वाटतं, की परत घसा खवखवतोय म्हणते.

सासूबाईंचं म्हणणं, रेनकोटची टोपी न घालता व्हॅनकडे पळत जाते म्हणून. ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीने छाती शेकणं आणि कपाळाला वेखंड असा त्यांचा कार्यक्रम सुरू आहे. नवऱ्याचा संशय फ्रीजमधल्या पाण्यावर. मला दोन्ही पटत नाही, कारण मग मे महिन्यात का झाली नाही? आणि डिसेंबरात इकडे नदीकाठी चांगला गारठा असतो, तेव्हा ती बऱ्यापैकी ठणठणीत असते. वाचायला जावं तर सगळीकडे 'हिवाळ्यातला आजार' असंच लिहिलेलं.

तर सर्दीचा खरा मोसम कुठला? आणि पोरीची प्रतिकारशक्ती कमी आहे का, हे जरा कुणी जाणकाराने सांगावं. मेडिकलवाला 'टॉनिक द्या' म्हणतोय.

खोडसाळपंत

औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, नाही घेतलं तर आठवडा लागतो. बाकी गवती चहा, आलं, दोन मिरे. चालू द्या.

वहाळाकाठचा डॉक्टर

रानजाईताई, मे महिना कोरडा गेला आणि शाळा उघडल्यावर नाक वाहू लागलं, हे तुम्हीच लिहिलंय. बरंचसं उत्तर त्यातच आलं.

मी कोकणात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. मे महिन्यात माझ्याकडे येतात ते विंचू चावलेले, जुलाबाने बेजार झालेले आणि आंब्यावरून पडलेले मुंबईकर पाहुणे. सर्दीची पोरं क्वचित. मृगाचा पाऊस पडला तरी लगेच काही नसतं. रांग लागते ती शाळा सुरू झाल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. दाराशी बादलीत ओल्या छत्र्या, बाकावर आयांच्या मांडीवर पोरं, आणि झड आत येते म्हणून कुणीतरी उठून सगळ्या खिडक्या लावून घेतो. त्या बंद खोलीत ज्याला सर्दी नव्हती तोही घेऊन जातो. हल्ली मी एक खिडकी सताड उघडी ठेवतो. लादी भिजते, कंपाउंडर कुरकुरतो.

आता विषाणूंकडे येऊ. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. सगळ्यात मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा. त्याचा शोध 1950च्या दशकात लागला आणि आज त्याचेच दीडशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीर तयार झालं तरी दुसऱ्याला ते फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं यात काही वावगं नाही. मोठ्यांना दोन-तीनदा होते. आता हिशेब करा. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवसांची, आणि त्यातल्या बऱ्याचशा जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत कोंबलेल्या. एक आटपायच्या आत दुसरी येते, आणि घरच्यांना वाटतं, 'हिची सर्दी जातच नाही'. तुमची लेक मधले चार दिवस बरी असते म्हणता, म्हणजे हेच चाललंय. प्रतिकारशक्ती कमी वगैरे काही नाही, उलट ती आत्ता कमावतेय. टॉनिकचे पैसे वाचवा.

'हिवाळ्यातला आजार' हे युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून आलंय, आणि तिथेही ते अर्धंच खरं आहे. तिकडे हिवाळ्यात शिखर गाठतो तो फ्लू. फ्लूच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असतं, थंड कोरडी हवा त्याला मानवते. ऱ्हायनोव्हायरसला असं वेष्टन नाही. तो दमट हवेतही तग धरतो आणि बारा महिने फिरत असतो. त्याचा जोर तिकडे दिसतो सप्टेंबरात, शाळा उघडल्या की, आणि पुन्हा वसंतात.

आपल्या देशात तर फ्लूसुद्धा एका वेळी येत नाही. श्रीनगरला तो जानेवारी ते मार्चमध्ये असतो, म्हणजे युरोपसारखा. दिल्लीला पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा. मुंबई-पुण्याकडे त्याचा मुख्य हंगाम पावसाळा. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि देशभरातल्या तिच्या जोडीदार प्रयोगशाळा वर्षानुवर्षं घशाचे नमुने तपासतात, त्यातून हे चित्र पुढे आलं. तेव्हा सांगलीत तुम्हाला जे दिसतंय ते बरोबर आहे, पुस्तक दुसऱ्या गावचं आहे.

सासूबाईंच्या मुद्द्यावर रात्री लिहितो, आत्ता पेशंट आहेत.

नागपूरची मास्तरीण

डॉक्टरसाहेब, आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा तुमच्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पाऊस त्याच्या आधी येऊन गेलेला असतो. माझी स्वतःची दोन पोरं पहिल्या पावसात गच्चीवर मनसोक्त नाचतात आणि त्यांना काही होत नाही. शाळा सुरू झाली की जुलैच्या मध्यावर माझ्या वर्गात निम्मी हजेरी आणि निम्मे शेंबडे. पाऊसच कारण असता तर आमच्याकडे आधी सर्दी आणि मग शाळा असं व्हायला हवं होतं.

आणि एक, पहिली-दुसरीच्या बाकावर तीन-तीन मुलं बसतात. एकच खोडरबर तिघांच्या तोंडात जाऊन येतं. मी डोळ्यांनी बघते.

टोरांटोची काकू

इकडे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते, मंगळवारी शाळा उघडते. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी दम्याच्या मुलांची इमर्जन्सीत अशी गर्दी होते की इथले डॉक्टर त्या आठवड्याची आधीपासून तयारी ठेवतात. माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे ऑगस्टमध्येच आम्हाला सांगतात, पंपाची नागा करू नका. सप्टेंबरात इथे थंडी म्हणावी अशी नसते, पोरं अर्ध्या चड्डीत फिरतात. त्या गर्दीमागे मुख्यतः ऱ्हायनोव्हायरसच असतो असं आम्हाला समजावलं होतं.

बाकी बर्फाच्या महिन्यांत घरातल्या हीटरने नाक इतकं कोरडं पडतं की रक्ताच्या खपल्या येतात. ते वेगळंच दुखणं.

वहाळाकाठचा डॉक्टर

मास्तरीणबाई, तुमचा नागपूरचा दाखला मी उचलणार आहे. टोरांटोच्या काकूंनी सांगितलेलंही तंतोतंत.

आता सासूबाई. गारठ्याने सर्दी होते का, हे इंग्लंडात लोकांना खरंच गारठवून बघितलेलं आहे. सॅलिसबरी गावाबाहेर युद्धकाळातलं एक रिकामं झालेलं इस्पितळ होतं. तिथे 1946 मध्ये फक्त सर्दीचा अभ्यास करणारं केंद्र काढलं आणि ते चाळीसेक वर्षं चाललं. हौशी मंडळी दहा दिवस येऊन राहायची. राहणं-जेवण फुकट, वर थोडा हातखर्च. बदल्यात नाकात थेंब टाकून घ्यायचे. थेंबांत विषाणू आहे की नुसतं पाणी, हे सांगत नसत. रोज कुणी किती कागदी रुमाल वापरले ते मोजायचे, त्यावरून सर्दीचा जोर ठरायचा. हा हिशेब ठेवणाऱ्याची मला फार दया येते.

तर तिथे काही जणांना गरम पाण्याने अंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात अर्धा तास उभं केलं, पुढे ओले मोजे घालायला लावले. ज्यांना नुसतं गारठवलं, विषाणू दिला नाही, त्यांना सर्दी झाली नाही. पुढे 1968 मध्ये अमेरिकेतही असा प्रयोग झाला, तिथे ऱ्हायनोव्हायरस नाकात टाकून काहींना थंडीत ठेवलं. थंडीतल्यांना जास्त सर्दी झाली असं दिसलं नाही.

इथे थांबलो असतो तर सासूबाई हरल्या असत्या. पण 2005 मध्ये वेल्समधल्या कार्डिफला 180 जण घेऊन त्यातल्या निम्म्यांना 20 मिनिटं थंड पाण्यात पाय बुडवून बसवलं, बाकीच्यांचे पाय रिकाम्या घमेल्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पाय भिजवलेल्यांपैकी जास्त जणांनी सर्दीची तक्रार केली. विषाणूची तपासणी मात्र केली नव्हती. अभ्यासकांचा तर्क असा की, विषाणू काहींच्या नाकात आधीच गुपचूप बसलेला असावा आणि पाय गारठल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून पहारा ढिला पडत असावा. 2015 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर काम झालं. शरीराच्या आतल्या 37 अंशांपेक्षा नाकाच्या 33 अंशांना त्या पेशींचा विषाणूविरोधी प्रतिसाद मंद पडतो असं त्यात दिसलं. ऱ्हायनोव्हायरस नाकातच का रमतो, याचं कारण त्यात आहे.

माझं मत सांगतो. विषाणू नसेल तर हिमालयात उघडं बसलं तरी सर्दी होणार नाही. विषाणू आत आलेला असेल तर गारठ्याने थोडा हातभार लागत असेलही. डोकं पुसून द्या, कोरडे कपडे घाला, त्यात तोटा काही नाही. पण टोपी घालून ती त्या बंद व्हॅनमध्ये बारा पोरांत बसली तर टोपी काय करणार?

सगळ्यात आवडता दाखला शेवटी. उत्तर ध्रुवाच्या वाटेवर स्पिट्सबर्गेन बेट आहे, तिथे कोळशाच्या खाणींचं छोटं गाव. हिवाळ्यात समुद्र गोठला की बोट नाही. 1930च्या सुमारास दोन अमेरिकी संशोधक तिथे हिवाळाभर राहिले. कडाक्याच्या थंडीत, अंधारात, गावात सर्दी जवळजवळ नाहीशी झाली. वसंतात बर्फ फुटून पहिली बोट धक्क्याला लागली, आणि थोड्याच दिवसांत गावात शिंकाच शिंका. हवा तर तेव्हा उबदार होत चालली होती.

सुंठसाखर

आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे, म्हणून दोन ओळी. वाग्भटाने ऋतुसंधी सांगितलाय, सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला. या पंधरवड्यात आधीच्या ऋतूचा आहारविहार हळूहळू सोडायचा, नव्याचा हळूहळू धरायचा. एकदम बदल केला की रोग होतात असं मत आहे. गंमत म्हणजे आमच्याकडेही कफाचा प्रकोप हिवाळ्यात सांगितलेला नाही. तो थंडीत साठतो आणि वसंतात उन्हाने पातळ होऊन त्रास देतो. म्हणजे 'थंडीत सर्दी' हे आमच्या ग्रंथांच्या नावावर खपवू नये.

वहाळाकाठचा डॉक्टर

मान्य. हवा पालटते तेव्हा सांभाळा, हे सांगायला मला कधीच जड गेलेलं नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार, स्पिट्सबर्गेनची गोष्ट जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, 'बोटीतली माणसं भिजून आली असतील.' असो.

आता व्यवहाराचं विचारते. आज शेंबूड हिरवट-पिवळा झालाय. मेडिकलवाला अँटिबायोटिक देऊ म्हणतोय. शेजारच्या काकू म्हणतात, पातेल्यात उकळतं पाणी घेऊन टॉवेलखाली वाफारा द्या. मैत्रिणीने सर्दीचं सिरप सुचवलंय, तिच्या तीन वर्षांच्या मुलाला तेच चालू आहे म्हणे. आणि शाळेत पाठवू की नको?

वहाळाकाठचा डॉक्टर

शेंबूड हिरवा होणं म्हणजे जंतू झाले, हा फार जुना गैरसमज. विषाणूशी लढायला पांढऱ्या पेशी नाकात येतात. त्यांच्यात एक विकर (एन्झाइम) असतं, त्याचाच रंग हिरवा. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे व्हायचंच. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, पोट मात्र बिघडतं. पुढे खरंच गरज लागेल तेव्हा तेच औषध लागू पडत नाही, तो त्रास वेगळा. मेडिकलवाल्याला नमस्कार करून परत या.

वाफारा. टॉवेलखालचं उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलांसाठी नको म्हणजे नको. पोर दचकतं, हात लागतो, पातेलं मांडीवर. मी असे भाजलेले पाय बघितलेत, आणि आणणारी आजीच असते, रडत. नाक मोकळं करायला मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात ते वापरा. नाक चोंदल्यावर घालायची जी दुसरी औषधी थेंबं असतात, झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीन वगैरे, ती डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीत, आणि मोठ्यांनीही फार तर तीन ते पाच दिवस. त्यापुढे थेंब सोडले की नाक आणखी चोंदतं, माणूस परत थेंब घालतो. वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन हिंडणारे पेशंट आहेत माझे.

सिरपबद्दल तुमच्या मैत्रिणीला आजच सांगा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे सर्दीच्या सिरपांत असणारं जोडऔषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापा, असा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढलाय. आणि पोटात घ्यायच्या फिनाइलएफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने त्याच वर्षी एकमताने सांगितलं. तिथल्या दुकानांत कित्येक वर्षं विकलं जात होतं.

खोकल्याने रात्री झोप मोडत असेल तर झोपण्याआधी चमचाभर मध द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध चुकूनही नाही. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेऊन सर्दी टळत नाही. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटपते इतकंच, मोठ्यांची सुमारे 8 टक्क्यांनी, मुलांची 14. सर्दी झाल्यावर सुरू करून तेवढंही मिळत नाही. पेरू खायला घाला. झोप मात्र पुरी होऊ द्या. अमेरिकेत 164 मोठ्या माणसांना मुद्दाम विषाणू देऊन बघितलं, तेव्हा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

शाळा: पहिले दोन-तीन दिवस नाक धो धो वाहत असतं, तेव्हा विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडतो. ते दिवस घरी. नंतर ताप नसेल, खेळत असेल तर पाठवा. पूर्ण बरी होईपर्यंत थांबवलं तर दिवाळीपर्यंत थांबवावं लागेल. हात साबणाने धुवायला लावा.

दाखवायला कधी आणायचं ते ऐका. श्वास धापा टाकल्यासारखा चालला, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, पाणीही पिईना, कान धरून रडू लागली, ताप तीन दिवसांच्या वर गेला किंवा उतरून परत चढला, तर फोरमवर विचारत बसू नका.

शंकासुर

डॉक्टर, हातानेच पसरते ना सर्दी? मग खिडकीचा एवढा आग्रह कशाला? आणि तुमच्या स्पिट्सबर्गेनला माझ्याकडे उतारा आहे. 1969 मध्ये अंटार्क्टिकावर ॲडलेड बेटावरच्या ब्रिटिश तळावर बारा माणसं होती, सतरा आठवडे बाहेरचं कुणी आलं नव्हतं. तरी बारापैकी सहा जणांना एकामागून एक सर्दी झाली. तिथे बोट कुठून आली?

वहाळाकाठचा डॉक्टर

शंकासुरा, अंटार्क्टिकाची नोंद खरी आहे. विषाणू बारा जणांतच कुणाच्या तरी नाकात किंवा सामानात टिकून राहिला असणार, पण तेव्हाच्या तपासणीत तो सापडला नाही. तरी बघा, त्याच गारठ्यात आधीचे सतरा आठवडे ते धडधाकट होते. नुसत्या थंडीवर खापर फोडायला तो दाखलाही फारसा कामाचा नाही.

हात की हवा, यावर अमेरिकेत विस्कॉन्सिनला 1980च्या दशकात झकास प्रयोग झाला. सर्दी झालेले आणि धडधाकट गडी एका टेबलावर बसवून बारा तास पत्ते खेळायला लावले. धडधाकटांतल्या निम्म्यांच्या हातांना किंवा गळ्याला असं काही अडकवलं की हात तोंडापर्यंत जाऊ नये. तरी त्यांना सर्दी झाली, मोकळ्या हातांच्यांइतकीच. मग ते शेंबडाने चिकट झालेले पत्ते दुसऱ्या खोलीत नेऊन दुसऱ्या धडधाकटांना दिले, त्यांना मुद्दाम नाकडोळे चोळायला सांगितलं. त्यांच्यातल्या कुणालाही झाली नाही. हातानेही पसरते असे इतर प्रयोग आहेत, म्हणून साबण सोडू नका. पण कोंडलेल्या हवेचा वाटा मोठा आहे, तेव्हा माझी लादी भिजत राहणार.

टोरांटोची काकू

शेवटचं विचारते. आई-बाबा पुण्यात, दोघंही सत्तरीच्या पुढचे, बाबांना मधुमेह. इथे आम्ही फ्लूची लस ऑक्टोबरात घेतो. त्यांनीही तेव्हाच घ्यावी का?

वहाळाकाठचा डॉक्टर

पुण्यासाठी ऑक्टोबर म्हणजे वरात गेल्यावर मांडव. तिथला फ्लू पावसाळ्यात जोर करतो, लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. दर वर्षी घ्यावी लागते. यंदा राहिली असेल तर आत्ताही घेता येईल, अंगात संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. वय आणि मधुमेह बघता त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरला विचारून लवकर उरका, न्यूमोनियाच्या लशीचंही त्याच वेळी विचारा. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की ही फ्लूची लस आहे, साध्या सर्दीची नाही. नाहीतर आठवड्याभरात शिंक आली की बाबा म्हणतील, पैसे पाण्यात गेले.